आधी भार की आधी काळ?

जळगाव, ११ जानेवारी

सर,

'प्रिय' लिहीत नाही. तुम्ही गेल्यावर दोन वर्षं गप्प राहिले, त्याबद्दल मात्र माफ करा. शोकसभेत तुमच्याविषयी गोड बोलले, त्याची माफी स्वतःकडेच मागते.

आज लिहिते आहे, कारण माझ्या विद्यार्थिनीचा, मयूरीचा, प्रबंध सहीसाठी टेबलावर आहे. तुमच्या मार्गदर्शनाखाली मी रांगांच्या गणितावर लिहिलेल्या प्रबंधातली एक पायरी तिनं जशीच्या तशी घेतली आहे.

धुळ्याजवळच्या जिनिंग कारखान्यासमोर आपण कापसाच्या गाड्या मोजत होतो, आठवतं? आधी वजनकाटा, मग प्रतवारी. कापूस ओला निघाला की तो वाळवून गाडी पुन्हा काट्यावर, आणि तिला आधी नंबर. जितक्या गाड्या मोकळ्या होत, जवळपास तितक्याच नव्या येत.

"रांग सरकस, ताई, पन संपस नही!" एक टेम्पोवाला अहिराणीत ओरडला.

तुम्ही हसलात. "याला दीर्घकाळ म्हणजे काय, ते कुठं ठाऊक!"

तुम्हाला होतं ठाऊक? अशी रांग नेमकी मोजता येत नाही. म्हणून आपण भार, म्हणजे काट्याच्या क्षमतेच्या तुलनेत येणाऱ्या गाड्या, काठोकाठ नेला, रांगेच्या जागी एक सोपी, थरथरती रेषा धरली आणि अनंत काळानंतर ती कुठं स्थिरावते ते काढलं. पण खरी रांग आधी अनंत काळ चालू दिली आणि मग भार वाढवत नेला, तर उत्तर तेच येईल? परतणाऱ्या गाड्या धरून हे कुणी सिद्ध केलं होतं? विभागातल्या बैठकीत मी विचारलं होतं, सर!

"अगं, सगळे असंच लिहितात. शंका पोळ्या लाटताना काढ."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले, आणि प्रबंधात त्या पायरीपाशी 'हे उघड आहे' असं टाइप केलं.

तुम्हाला पुरावा माहीत असणार, या समजुतीवर पंधरा वर्षं काढली. गेल्या महिन्यात तुमच्या मुलानं तुमची टिपणवही आणून दिली. त्या पायरीच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह! शंका तुमची होती, लाज मात्र मला दिलीत.

काल मयूरीनं विचारलं, "मॅडम, हे उघड कसं?"

"पुढे चल," मी म्हणाले.

"बरं, मॅडम."

त्या 'बरं'बद्दल तुम्हाला माफी नाही. मला असावी का, ठरत नाही.

एवढं वचन देते: माझी पदवी डळमळली तरी चालेल, ती पायरी माझ्या सहीनं आणखी कुणाच्या प्रबंधात जाणार नाही.

वंदना

उद्या: मयूरीला सांगणे, ही पायरी मलाही सिद्ध करता आलेली नाही.