भाड्याची लेक

९ मार्च

आई पडली! दादाचा फोन आला तेव्हा मी दुकानात डब्यांत भात भरत होते. हातमोजे काढून फोन घेईपर्यंत तिकडून वहिनीचं रडणंच ऐकू आलं. डावी बाजू गेली. बोलते, पण जीभ जड. आमच्या गावातच, हुवेईतल्या दवाखान्यात ठेवलंय.

दादा म्हणाला, "विमान पकड आणि ये." जशी काही अमेरिकेतल्या आमच्या टेंपल सिटीतून तैवानला दर तासाला बस सुटते! त्याला चार वेळा समजावून झालंय — ग्रीन कार्डाचा अर्ज सात महिने पडून आहे. तो पडून असताना अमेरिकेबाहेर जायचं तर आधी परवानगीचा कागद लागतो. त्याचाही अर्ज केलाय. तोही पडून. कागदाशिवाय गेले की सगळं रद्द. वर लग्नाआधी व्हिसा संपल्यावर दोन वर्षं लपून राहिले, त्याची शिक्षा वेगळी — दहा वर्षं परत यायचं नाही.

"दहा वर्षं?" दादा म्हणाला. "इथे आईचे दहा दिवस..."

१० मार्च

वेन-पिन मला ओउयांग वकीलबाईंकडे घेऊन गेला. नवरा म्हणून एवढं तरी केलं. अर्ज आमचे आम्हीच भरलेत, मीच भरलेत खरं म्हणजे — त्याला कागद दिसला की जांभया येतात. बाई नुसत्या सल्ल्यापुरत्या. गोड बोलतात.

"परवानगी आली की जा. नाही आली तर पाऊल बाहेर टाकू नका. आणि आली तरी एक लक्षात ठेवा, येताना आत घ्यायचं की नाही ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुतेक घेतात."

बहुतेक!

दुकानात चिन-मावशीला सांगितलं. ती कढईवर असते, सगळ्या गावाच्या बातम्या तिच्याकडे. म्हणाली, "माझी भाची गेली होती की परवानगी घेऊन. येताना नऊ तास खोलीत बसवून ठेवली आणि दिली परत पाठवून. नवरा इकडे, ती तिकडे. दोन वर्षं झाली." मग माझं तोंड बघून म्हणे, "तुझं तसं होईल असं नाही म्हणत हं मी." मग कशाला सांगितलंस, बये?

१२ मार्च

पेटी रिकामी. टपालपेटीची किल्ली हल्ली मी गळ्यातच घालून फिरते.

१३ मार्च

वेन-पिन नूडल्स ओरपत म्हणाला, "आपण धीर धरू." आपण! हा अकराव्या वर्षी आईबापांबरोबर इथे आला, अठराव्या वर्षी निळा अमेरिकन पासपोर्ट मिळाला, गेल्या वर्षी मित्राच्या लग्नाला तायपेईला जाऊन नाचूनसुद्धा आला. ह्याने कसला धीर धरायचा? वाडगा उचलून बेसिनमध्ये आपटला मी. फुटला नाही, त्याचाही राग आला.

१४ मार्च

पेटीत विजेचं बिल आणि पिझ्झाची जाहिरात. आणखी काही नाही.

१५ मार्च

रश्शात दोनदा मीठ घातलं. मालक ओरडला. चिन-मावशीने स्वतःवर घेतलं, म्हणाली, माझाच हात सुटला. चांगलं वागू नये लोकांनी माझ्याशी. मला नाही सोसत.

१७ मार्च

आईशी बोलले. वहिनीने फोन तिच्या तोंडासमोर धरला होता. अर्धा चेहरा आईचा, अर्धा कुणा परक्या बाईचा.

"जेवलीस का?" पहिला प्रश्न हाच. स्वतः नळीने जेवतेय!

"जेवले."

"काय जेवलीस?"

"भात. माशाचं कालवण."

मग म्हणाली, "आ-रु, कागद आला का गं?"

"नाही गं आई."

"मेलं तुझं ते सरकार!" शिवी मात्र अगदी स्पष्ट आली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी खिदळली. आई तिला सांगायला लागली — माझी लेक तिकडे अडकलीय, यायला तडफडतेय, सोडत नाहीत मेले. नर्सला पण तेच सांगितलं. वहिनी म्हणाली, रोज सांगतात, डॉक्टरांना, झाडूवालीला, सगळ्यांना.

मी फोन ठेवला.

१८ मार्च

दादाचं पुन्हा तेच. "काहीतरी कर ना! तू काहीच कशी करत नाहीस?" मी काय करत नाही? आई चालती-बोलती होती तेव्हा ह्याला वरच्या मजल्यावरून खाली उतरून तिच्याजवळ बसायला वेळ नव्हता. आता श्रावणबाळ झालाय. असं तोंडावर म्हटलं त्याला. तो रडायला लागला. मेलं, ह्या घरात माझ्याआधीच सगळे रडून घेतात.

२० मार्च

आई गेली. तिकडे एकवीस तारखेची सकाळ, इथे वीसची संध्याकाळ.

डॉक्टरांनी सांगितल्यावर शेवटचा श्वास शिल्लक ठेवून घरी आणली तिला. दवाखान्यात मरू नये माणसाने, आपल्या दिवाणखान्यात मरावं. गाडीत दादा तिच्या कानाशी बोलत होता. "आई, साखर कारखाना आला. आई, आता पूल ओलांडतोय. आई, गल्ली आली." मी हे सगळं दुकानाच्या मागे सोयासॉसच्या खोक्यांवर बसून फोनवर बघत होते. "आई, घर आलं." मग श्वासाची नळी काढली.

दादाने फोन तिच्या कानाला लावला. "बोल तिच्याशी." मी "जेवलीस का?" म्हणाले.

२२ मार्च

पंचांगवाल्याने अंत्यविधीसाठी दोन दिवस काढून दिले — तीस मार्च किंवा अकरा एप्रिल. आईचं जन्मसाल, दादाचं, माझं, सगळं बघून. दादाने अकरा एप्रिल घेतला. "तोवर तुझा कागद येईल. आई थांबेल."

म्हणजे आई तीन आठवडे दिवाणखान्यात बर्फाच्या पेटीत पडून राहणार. माझ्यासाठी! मी कधी मागितलं होतं हे? वहिनी म्हणते, पेटीची मोटर दिवसरात्र घुरघुरते, मुलांना झोप येत नाही. हे मला ऐकवायचं काय कारण होतं?

२४ मार्च

वेन-पिन म्हणाला, "मृत्यूचा दाखला घेऊन इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊ. तातडीची परवानगी देतात म्हणे. जरा रडलीस तर लगेच देतील."

मी म्हटलं, "मी नाही रडणार कुणा गोऱ्यापुढे."

"तुझी आई आहे गं ती!"

"मग तू जा! पासपोर्ट आहे ना निळा? जा माझ्याऐवजी!"

तो बूट न्याहाळत म्हणाला, "जातो." असा माणूस आहे. भांडायला गेलं की मान तुकवतो आणि आपल्यालाच नीच ठरवून मोकळा होतो.

२६ मार्च

पहिला सातवा दिवस — असे सात पाळायचे असतात. आज आई घरी येऊन बघून जाते म्हणतात. दादाने वेदीपुढे दोन नाणी टाकून तिला विचारलं — धाकटीला अजून येता येत नाही, तू रागावली नाहीस ना? एक छापा एक काटा पडला तर कबूल, नाहीतर पुन्हा विनवायचं. वडिलांच्या वेळी साध्या फुलांच्या रंगावरून अकरा वेळा टाकावी लागली होती नाणी. बाबा असेच, जिवंतपणीही.

आज पहिल्याच फेकीत एक छापा, एक काटा.

"बघ!" दादा हसत होता, नाक पुसत होता. "आईला कळतं गं सगळं. मनात काही ठेवू नकोस."

आईला कळतं सगळं! तेच तर नको आहे मला.

१ एप्रिल

आईसाठी जाळायला सोनेरी कागदाची कमळं करायला घेतली. एकशे आठ करायची होती, एकोणीस झाली. बाल्कनीत तसराळ्यात पहिलं जाळलं तर धुराचा भोंगा बोंबलायला लागला. घरमालकीण वर आली. "आग लागली का?" म्हटलं, नाही हो, आईला कमळ पाठवत होते. ती म्हणाली, "पाठवा, पण भाडेकरारात बसत नाही." उरलेली अठरा खोक्यात घालून ठेवली.

७ एप्रिल

वेन-पिन गेला. काळा शर्ट मीच इस्त्री करून दिला. विमानतळावरून फोन — मधली सीट मिळालीय म्हणून कुरकुरत होता. मधली सीट!

१० एप्रिल

झाला अंत्यविधी. तिकडे अकराची सकाळ.

मालकाकडून दोन तास सुट्टी मागितली. खोक्यांवरच बसले, फोन सॉसच्या बाटलीला टेकवून. वेन-पिन तिकडे फोन धरून उभा. मांडवात आईचा फोटो — माझ्या बारशाचा दिसतोय, माझं डोकं कापलेलं.

उशिरा आलेल्या लेकीने गल्लीच्या तोंडापासून गुडघ्यांवर रांगत, आक्रोश करत शवपेटीपर्यंत जायचं असतं. लेक नाही म्हणून दादाने एक बाई आणली होती. हेच काम करते ती, गावोगाव. पांढरा झगा, डोक्यावर पांढरी खोळ, हातात माइक. दादाने तिला माझ्याबद्दल सगळं सांगून ठेवलेलं.

"आई गंऽऽ!" रांगायला लागली. "तुझी आ-रु आली गं! सात समुद्र ओलांडून आली!" कर्ण्यातून सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. "टॉवेलच्या कारखान्यात मला टोपलीत लपवून नेत होतीस गं! मुकादम आला की माझ्यावर टॉवेल टाकत होतीस! मी शिंकले तर स्वतः शिंकायचं सोंग करत होतीस!"

हे मी विसरले होते. ती शिंकायची! भाड्याच्या बाईकडून कळलं मला.

आणि मग, पेटीपाशी डोकं आपटत — "मला येऊ दिलं नाही गं आई! त्यांनी कागद दिला नाही! मी रोज दाराशी उभी राहत होते गं, कागद आलाच नाही! तू माझी वाट बघत गेलीस, आणि कागद आलाच नाही!"

सगळा मांडव ढसाढसा रडला. आईबरोबर टॉवेलच्या कारखान्यात असलेल्या म्हाताऱ्या ऊर बडवत होत्या. एकजण अमेरिकेला शिव्या घालत होती. दादाला दोघांनी धरलं होतं.

मी रडले नाही. बघत बसले. फारच चांगली रडली ती. माझ्याच्याने एवढं झालं नसतं.

मग वेन-पिन फोन बंद करायला विसरला. ती बाई आंब्याच्या झाडाखाली बसली, खोळ मागे सारली, स्ट्रॉने दुधाचा चहा ओढत मोबाइल बघायला लागली. तिचं मला काही वाटलं नाही. तिचं काम संपलं होतं.

१४ एप्रिल

वेन-पिन आला. अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला टॉवेल देतात, त्याने माझ्यासाठी एक मागून आणला. पांढरा, निळ्या काठाचा. आईच्याच कारखान्याचा. एकतीस वर्षं असेच घड्या घालत होती. उलगडायची हिंमत नाही झाली.

म्हणाला, "सगळी गल्ली तुझ्यावर जीव टाकते गं. ती दवाखान्यातली शेजारच्या खाटेवरची म्हातारीही आली होती, माझा हात सोडेना. म्हणाली, शेवटच्या दिवशी तुझी सासू बोलली — पोरीला दोष देऊ नका, तिच्या हातात काही नाही."

मी उठून भांडी घासायला गेले. धुतलेलीच होती.

१२ मे

ग्रीन कार्डाची मुलाखत झाली. साहेब तरुण, कानात छोटी बाळी. लग्नाचे फोटो चाळले. मग विचारलं, "अर्ज केल्यापासून देशाबाहेर गेलात?"

"नाही."

"एकदाही नाही?"

वेन-पिन मध्येच बोलला. "तिची आई वारली, सर. तरीही नाही गेली." त्याचे डोळे भरले होते. साहेबाने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघून म्हणाला, फार वाईट वाटलं ऐकून.

शिक्का बसला. लिफ्टमध्ये वेन-पिनने माझा खांदा दाबला. "आईनेच काम केलं बघ." खरं आहे. तिनेच केलं.

९ जून

कार्ड आलं. तांदळाच्या डब्यात, तळाशी ठेवलं. तिथे आधीपासून एक पाकीट आहे.

१४ मार्चला मी इथे लिहिलं, विजेचं बिल आणि पिझ्झाची जाहिरात. तिसरं पाकीट लिहिलं नाही. त्यात परवानगीचा कागद होता, माझ्या नावाचा, शिक्क्यासकट. परत आत घेतलं नाही तर — एवढाच विचार आला आणि डब्याचं झाकण लावलं.

आई अजून सहा दिवस होती.