खळीवाल्या गुडघ्याची पेनी

४ जानेवारी
आजपासून जुन्या ब्रिटिश पेन्यांचा पद्धतशीर अभ्यास. जाड पुस्तक आणलं. पहिल्या प्रकरणाचा एका बैठकीत फडशा. मुद्दा अगदी साधा आहे. खरी पेनी ठशाखाली दाबून काढतात. ठसा बदलला की नाण्यात बारीक फरक पडतो, त्याला म्हणायचं व्हरायटी. खोटी पेनी साच्यात ओततात. एकच खूण अनेक नाण्यांवर सापडली तर ती ठशाची. एकाच नाण्यावर असेल तर नुसती इजा. संपलं. एवढ्यासाठी माणसं आयुष्य घालवतात. दुसरं प्रकरण उद्या.

५ जानेवारी
दुसऱ्या प्रकरणात नुसत्या आकृत्या. लेखकाला पाल्हाळाची हौस. रविवारी बघू.

सौ.ने तिच्या वडिलांची पेनी काढून दिली. १९०२ सालची. सासरे ती कायम खिशात बाळगायचे. म्हणाली, अभ्यास करताच आहात तर हिच्याकडेही बघा, पण जपून, बाबांची एवढी एकच वस्तू माझ्याकडे आहे. भिंगाखाली धरली आणि शिसारी आली. पेनीवर एक बाई बसलेली असते, तिच्यामागे समुद्र. इथे समुद्राची रेघ जागा सोडून पार खाली घसरलेली. बाईच्या गुडघ्यावर खड्डा. कडेला पिढीजात मळ. सरळसरळ फोर्जरी. सासऱ्यांना कुणीतरी टोपी घातली आणि ते जन्मभर तिला कुरवाळत बसले. सौ.ला सांगितलं नाही. माझं मन हळवं आहे.

११ जानेवारी
घरात खोटं नाणं ठेवणं तत्त्वात बसत नाही. बाजारामागच्या गल्लीत एक मिशीवाला जुन्या वस्तू विकतो, त्याला देऊन टाकलं. बदल्यात एक उत्तम भिंग. मिशीवाला पेनी उजेडात धरून उलटसुलट करत राहिला. अडाणी. दुकानात कुबट वास, काउंटरवर प्लास्टरचा पांढरा भुगा, त्यावर उष्टे कप. घरी येऊन हात दोनदा धुतले.

सौ.ने विचारलं, पेनी कुठाय. परीक्षणात आहे म्हणालो. यात खोटं काही नाही. परीक्षण झालेलं आहे, इतकंच.

३ फेब्रुवारी, दुपारी
मिशीवाल्याच्या ट्रेमध्ये आणखी एक १९०२ची पेनी. समुद्र खाली. गुडघ्यावर तोच खड्डा, तस्साच. त्याला विचारलं, ही माझीच का. नाही म्हणाला, तुमची कधीच गेली, ही दुसरी. म्हणजे दोन नाणी, एकच खूण. म्हणजे ठसा. म्हणजे आजवर कुणाच्याही नजरेस न पडलेली व्हरायटी. पेनी घेतली. तशा आणखी मिळतील का विचारलं. मिशीवाला म्हणाला, किती पाहिजेत. मूर्खाला दुर्मिळ या शब्दाचा अर्थ माहीत नाही.

सासऱ्यांची पेनी खरी होती तर. जरा चुटपुट लागली. पण मी ती दिली नसती तर हा शोध लागला नसता.

१२ फेब्रुवारी
आता मूठभर जमल्या. प्रत्येक गुडघ्यावर खळी. नाव ठरलं: खळीवाला गुडघा. किचनच्या काट्यावर वजन केलं. सगळ्या हलक्या भरल्या. काटा बिघडलाय, या घरात एक वस्तू धड नाही. नंतर सुचलं, ही हलक्या वजनाची उपव्हरायटी असणार. पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या. कडेने शिवणीसारखी रेघ. आणखी दोन उपव्हरायट्या. बोटांना तपकिरी रंग लागतो आणि बूटपॉलिशचा वास येतो. जेवताना किळस वाटली.

या शोधावर नाणेमंडळात लेक्चर द्यायचंय. दुसरं प्रकरण त्याआधी वाचायचंच.

१६ फेब्रुवारी
सौ.ची भुणभुण असह्य झाली, म्हणून त्यातलीच एक पेनी तिला दिली. म्हटलं घे बाबांची, आणि ही जगात दुर्मिळ आहे. तिने तळहातावर घेतली, अंगठा फिरवला आणि परत टेबलावर ठेवली. म्हणाली, ही बाबांची नाही. कशावरून, तर हाताला लागत नाही तशी. भिंग नाही, काटा नाही, पुस्तक नाही, नुसता अंगठा. अशा वातावरणात संशोधन करायचं. मला वीट आलाय.

२५ फेब्रुवारी
नाणेमंडळात माझं लेक्चर ठरलं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. नाणी दातांच्या आरशाने बघतात. तो आरसा आधी कुठे कुठे जाऊन आला असेल, विचारच नको. त्यांनी विचारलं, खूण नाण्यावर उंच आहे की खोल. म्हटलं, खोल, अगदी सुबक. हं म्हणाले. मत्सर माणसाच्या चेहऱ्यावर लगेच दिसतो.

सौ.ला आग्रहाने बोलावलंय. नवरा कोण आहे ते एकदा कळू दे.

५ मार्च
लेक्चर झालं. तपशिलात शिरण्यात अर्थ नाही.

५ मार्च, नंतर
झोप येईना, म्हणून तपशील. मी पेन्या ओळीने मांडल्या. लोक वाकून बघू लागले. कुणीतरी टाळी वाजवली, बहुधा चुकून. मग अध्यक्ष उठले. म्हणाले, ठसा चिरला की धातू चिरेत शिरतो, त्यामुळे ती खूण नाण्यावर उंच उमटते. खड्डा ही त्या एकट्या नाण्याची इजा. तीच इजा सगळ्यांना असेल तर सगळी एकाच नाण्याचा साचा घेऊन ओतलेली. आपण आयुष्यभर लोकांच्या तोंडाचे साचे घेतले, प्लास्टरच्या पुटकुळ्या आपल्याला ओळखू येतात, असंही म्हणाले. मग खिशातून एक पेनी काढून माझ्या ओळीशेजारी ठेवली. तिलाही खळी. हे मूळ नाणं, म्हणाले, मिशीवाल्याकडून घेतलं. शंभर टक्के खरं, आणि समुद्राची रेघ खाली असलेली १९०२ची पेनी हीच खरी दुर्मिळ व्हरायटी. हे सगळं दुसऱ्या प्रकरणात आहे म्हणे.

तेवढ्यात सौ. पुढे आली. पेनी उचलली, अंगठा फिरवला आणि तिथेच रडायला लागली. सगळ्यांना सांगितलं की ही बाबांची. हा खड्डा तिच्या भावाने लहानपणी खिळा ठोकून पाडला, मांजराच्या गळ्यात बांधायला भोक हवं होतं. अध्यक्षांनी पेनी तिथल्या तिथे तिला देऊन टाकली. मी पेन्या गोळा करत होतो. कुणी मदत केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाची नाही, माझीच किळस आली. थोडा वेळ.

१० मार्च
मिशीवाल्याला जाब विचारला. म्हणाला, तुम्ही तशाच मागितल्या, मी तशाच दिल्या. निर्लज्ज.

सौ. बोलते, पण चावी, टॉवेल, लाइट बंद करा, एवढंच. पेनी तिने मेहुण्याकडे ठेवायला दिली. तिथे सुखरूप राहील म्हणाली. ज्याने पेनीवर खिळा ठोकला, त्याच्याकडे.

संध्याकाळी हळूच विचारलं, मला ती एकदा नीट बघता येईल का. दुसरं प्रकरण आजच वाचायला घेतलंय, हेही सांगितलं. तिने विचार केला. रविवारी चला म्हणाली. पेनी मेहुणा हातात धरेल. मी लांबून बघायचं, हात लावायचा नाही.