शवागारातील संगणकाच्या यादीतील चौथ्या ओळीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
रुग्णालय कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : नोंद लिपिक, शवागार, तळमजला.

विषय : सुरू होताना गोठणारा लिनक्स संगणक सुरू करण्यासाठी एका ओळीपुढे एक खूण करण्याची परवानगी मिळणेबाबत. (विषय आधीच्या अर्जांतलाच ठेवला आहे.)

संदर्भ : अर्जदाराचे अर्ज, आवक क्र. ४१२ (सोमवार), ४१९ (मंगळवार), ४२६ (बुधवार).

महोदय,

१. अर्जदार शवागाराच्या खिडकीवर अकरा वर्षे बसते. मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचा तर संगणकातून निघालेली पावती लागते. हाताने लिहिलेली पावती फाटकावरचा पहारेकरी मानत नाही. तसा आपलाच आदेश आहे.

२. नोंदींची प्रत ज्या जादा डिस्कवर ठेवली जाई, ती शनिवारी आपल्या आदेशाने काढून नेली. सोमवारी सकाळी संगणक लावला तेव्हा काळ्या पडद्यावर भराभर ओळी आल्या आणि एका ओळीवर थांबल्या. अमुक डिस्कची वाट पाहत आहे, एवढाच तिचा अर्थ. त्या ओळीपुढे वाट पाहण्यात गेलेली मिनिटे वाढत राहतात, आणि त्यांच्यापुढे लिहिलेले असते : मर्यादा नाही.

३. अर्जदाराने वायरी बदलल्या, मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसवली, सुरुवातीच्या मेनूतून जुनी आवृत्ती निवडून पाहिली. संगणक दर वेळी त्याच ओळीवर येऊन अडला. डिस्क परत मागितली असता भांडार विभागाने कळवले की ती निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून बाद करून, शनिवारीच फोडण्यात आली. नवी हवी असल्यास मागणीपत्र संगणकातून छापून आणावे. नादुरुस्तीची तक्रारही संगणकावरूनच नोंदवावी लागते. म्हणजे याच संगणकावरून.

४. ज्याचे कंत्राट गेल्या महिन्यात संपले त्या तंत्रज्ञाला अर्जदाराने सोमवारी दुपारी फोन केला. तो म्हणाला, "बाई, त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही डिस्क गेली म्हणून. बसलाय वाट बघत." सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या याची एक यादी आत असते. मेनूवरूनच पासवर्डशिवाय आत जाण्याची एक वाट आहे. त्या वाटेने जाऊन यादीतल्या चौथ्या, म्हणजे काढून नेलेल्या डिस्कच्या, ओळीपुढे # ही खूण केली की संगणक ती ओळ सोडून देतो. अर्जदाराने सगळे कागदावर उतरवून घेतले. परंतु परवानगीवाचून संगणकात फेरफार केल्यास बडतर्फी, असे परिपत्रक भिंतीवर लावलेले आहे. म्हणून अर्ज केला.

५. (सोमवारच्या अर्जातून) कप्पा क्रमांक चार. मुलगी, वय एकोणीस, जिन्यावरून पडून मृत्यू. चेहऱ्यावर इजा नाही. वडील कुलपे-किल्ल्या दुरुस्त करतात व बाकावर थांबलेले आहेत. आई घरी अंथरुणाला खिळलेली असून तिला मुलीचा चेहरा पाहायचा आहे. तरी तातडीने परवानगी मिळावी.

५. (मंगळवारच्या अर्जातून) कप्पा क्रमांक चार. थंडी पुरेशी धरत नाही. इतर कप्पे भरलेले आहेत. चेहरा अजून दाखवण्याजोगा आहे. वडील खिडकीशी येऊन म्हणाले, "कुलूप असतं ना बाई, तर मी तुम्हाला चहा संपायच्या आत उघडून दिलं असतं." तरी तातडीने परवानगी मिळावी.

५. (बुधवारच्या अर्जातून) कप्पा क्रमांक चार. चेहऱ्याबाबत आज लिहीत नाही. तरी तातडीने परवानगी मिळावी.

६. तिन्ही अर्जांवर 'पाहिले, चर्चा करावी' असा शेरा आला. चर्चेसाठी अर्जदार दोनदा वर आली. दोन्ही वेळा आपण बैठकीत होता.

७. आज गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी अर्जदाराने कागद समोर ठेवून चौथ्या ओळीपुढे ती खूण केली. संगणक चाळीस सेकंदांत सुरू झाला. पावती निघाली. वडिलांनी कप्प्याशी जाऊन मुलीला पाहिले, आणि परत येऊन विचारले, "हे एवढंच करायचं होतं?" अर्जदार हो म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं होतं?" अर्जदाराने सोमवारी दुपारी असे सांगितले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "चादर घट्ट बांधा, बाई. तिच्या आईला सांगेन, डॉक्टरांनी उघडू नका म्हटलंय." अर्जदाराने चादर स्वतः बांधली. पहारेकऱ्याने पावती पाहून फाटक उघडले.

८. परिपत्रकाप्रमाणे कारवाई होईल याची अर्जदारास जाणीव आहे व त्याविरुद्ध तिचे काही म्हणणे नाही. मात्र आरोपपत्रात कसुरीची वेळ म्हणून आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटे असे लिहू नये. सोमवार दुपार लिहावी. त्या वेळी कृती माहीत होती, कागद हातात होता, चेहरा दाखवण्याजोगा होता, आणि अर्जदार अर्जाचा मसुदा करीत बसली होती. आधीच्या तीन अर्जांच्या प्रती मुलीच्या वडिलांना मिळाव्यात, म्हणजे कोणाला काय आणि कधी माहीत होते हे त्यांना कोणाच्या तोंडून ऐकावे लागणार नाही. वरच्या मजल्यावरची नावे त्यांनी विचारली नाहीत. विचारल्यास अर्जदार सांगेल.

आज सकाळपर्यंत आपली आज्ञाधारक,

(सही)
नोंद लिपिक, शवागार
गुरुवार, दुपारी १२.४०

सोबत :
१. तंत्रज्ञाने सांगितलेली कृती, अर्जदाराच्या अक्षरात, सोमवारच्या तारखेसह.
२. मृतदेह मिळाल्याची पोच, वडिलांच्या सहीसह. 'मृतदेह सुस्थितीत मिळाला' हे छापील वाक्य त्यांनी खोडले आहे. अर्जदाराने ते पुन्हा लिहून घेतलेले नाही.