खापरदरीच्या देवळाची जागा आणि बाकीचे किरकोळ

मी, अंगद कारभारी खंडागळे, वय पंचाहत्तर, धर्म ख्रिस्ती, ल्युथरन मंडळीचा निवृत्त पाळक, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. कोण माझ्याशी कसे वागले ते सगळे आठवते, आणि माझे वकील ॲड. संघपाल यांच्या मते एवढा पुरावा पुरे आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला मुलगा विश्वजीत दर रविवारी येतो, पण चहा पिऊन परत जातो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण पाळकाकडे वाटण्यासारखे काही असू शकते असे मला कधी वाटलेच नाही.

१. पुंडलिकनगरच्या दोन खोल्या मुलगी तनुजा हिला द्याव्यात. पाळकाला मंडळी राहायला घर देते आणि निवृत्तीच्या दिवशी हार घालून तेच घर खाली करायला सांगते. माझी पत्नी ख्रिस्तवासी सुकेशनी हिला हे आधीच दिसत होते. या खोल्या तिच्या शिक्षिकेच्या नोकरीवर उभ्या राहिल्या. मी पायाभरणीची प्रार्थना तेवढी केली, आणि ती लांबली म्हणून गवंडी वैतागला. तनुजा नर्स आहे. ती माझे सगळे करते आणि करताना मला बोलते. दोन्हींचा तिला हक्क आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. माझा काळा झगा आमच्या मुख्य कार्यालयातील अध्यक्षसाहेबांना द्यावा. हा झगा थंड मुलखातल्या मिशनरी साहेबांनी आणला. तो घालून मी मे महिन्यात पत्र्याखाली लग्ने लावली, आणि नवरदेवापेक्षा मलाच जास्त घाम फुटायचा. ‘खेड्यातील मंडळ्या हा आपला कणा आहे’ असे अध्यक्षसाहेब दर अधिवेशनात पंख्याखाली उभे राहून सांगतात. त्यांनी हा झगा घालून एक मे महिना खापरदरीत काढावा. कणा कुठून दुखतो ते कळेल.

३. माझे लिहिलेले उपदेश माझ्या जागी आलेल्या तरुण पाळकांना द्यावेत. आमच्या धंद्यात (वकील म्हणतात ‘सेवाकार्य’ लिहा) एखाद्या गावातली माणसे आणि त्यांची भांडणे ओळखीची झाली की बदलीचे पत्र येते. त्यामुळे प्रत्येक गावात मला तेच उपदेश पुरले. फक्त हरवलेल्या मेंढराचा उपदेश जपून करावा. खापरदरीत निम्मी मंडळी मेंढ्या राखणारी आहे. मी रंगात येऊन सांगत होतो की मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून एकाच्या शोधात निघाला, तेव्हा मागून आवाज आला, “आन् मागं लांडगा आला म्हंजी? येडा व्हता का त्यो?” धर्मशास्त्राच्या शाळेत याचे उत्तर शिकवत नाहीत. मी गायन सुरू केले.

४. खापरदरीच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचे सेक्रेटरी रामप्रसाद यांना एक जिवंत गावरान कोंबडा, पूर्ण बाजारभावाने विकत घेऊन द्यावा. आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक देवाला धान्य, भोपळे, कोंबड्या अर्पण करतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिलाव रामप्रसाद पुकारतात. सर्वांत मोठ्या कोंबड्याची पहिली बोलीही तेच लावतात, आणि सेक्रेटरीच्या वर बोली लावायची गावात कोणाची छाती होत नाही. देवाचा कोंबडा दर वर्षी त्यांच्याच घरी शिजला आणि तंगडी पाळकाच्या ताटात आली. ती मी खाल्ली. चव चांगली असायची, म्हणूनच राग जास्त आहे.

५. राजदूत मोटारसायकल मुलगा विश्वजीत यास द्यावी. ती चालू होत नाही, पण ढकलता येते. लहानपणी बाप कधी घरात दिसला नाही, अशी त्याची तक्रार आहे. बाप हिच्यावर बसलेला असायचा. तेव्हा एकदा तिच्याकडे नीट बघून घ्यावे.

६. आता मुख्य विषय. दौलताबादच्या पलीकडे खापरदरी येथे गावठाणातील दोन गुंठे जागा माझ्या नावावर आहे. तिच्यावर पत्र्याचे देऊळ (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) आहे आणि एक लिंब आहे. ही जागा माझी नाही. लोकांनी ज्वारी विकून ती घेतली. तलाठ्याने नाव विचारले तेव्हा मी म्हणालो, मिशनचे लावा. मग एक म्हातारा म्हणाला, “मिशनचं लावलं तं मिशन इकून खाईल. पाळकसाहेबाचं लावा. त्यांला कुठं इकता येतंय?” हा माझ्या प्रामाणिकपणाचा गौरव होता की अकलेचा पंचनामा, ते मी विचारले नाही. पाळक मरतो आणि त्याला मुलेबाळे असतात, हे मात्र त्या दिवशी कोणाच्याच डोक्यात आले नाही, माझ्याही नाही.

आता तिथून किल्ला छान दिसतो असा शोध लागला आहे. विश्वजीतने रिसॉर्टवाले गिऱ्हाईक आणले आहे. “बाबा, कायद्यानं जागा आपली आहे,” असे तो म्हणतो. कायद्याने आहे, हीच तर भीती आहे. मी उद्या गेलो तर परवा ती जागा जाईल, आणि त्या लोकांना रविवारी बसायला लिंबाची सावलीसुद्धा उरणार नाही. मंडळीच्या नावे करावी तर कागदावर मंडळी म्हणजे रामप्रसाद, आणि त्यांची गिऱ्हाइकाशी दोनदा गाठ पडली आहे. मुख्य कार्यालयाच्या, म्हणजे मिशनच्याच, नावे करावी तर म्हातारा बोललाच होता.

म्हणून ही जागा मी खापरदरीच्या चतुराबाई यांना देतो, आणि त्यांच्या पश्चात त्यांची लेक संध्या हिला. देऊळ आहे तसे राहावे आणि उपासना चालू राहावी, एवढी अट आहे. चतुराबाईंचा बाप्तिस्मा झालेला नाही. मी खूप प्रयत्न केले. “नगं बा, भावकी वाळीत टाकंल,” एवढे बोलून त्या देवळाच्या पायरीवर बसत. किल्ली त्यांच्याकडे असते आणि दुपारी त्यांच्या शेळ्या देवळाच्या सावलीला असतात. माझ्या सबंध सेवेत इतकी नियमित हजेरी दुसऱ्या कोणाची नाही. बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी कोण जागा विकणार नाही याचा मी बराच विचार केला, आणि अखेर भक्तीपेक्षा शेळ्यांवर विश्वास ठेवावा असे ठरवले. शेळ्यांना सावली लागते. ती गरज अधिवेशनात ठराव करून बदलत नाही.

हे सांगायला मी खापरदरीला गेलो तेव्हा चतुराबाई खूश झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “माझ्या नावावर करता, व्हय. पर मी अडाणी बाई. उद्या चार मान्सं गाडीतून येत्याल, अंगठा मागत्याल. मी किती दिवस नाय म्हनू?”

मी म्हणालो, “मग काय करायचं?”

त्यांनी शेळीच्या पायातला काटा काढला आणि म्हणाल्या, “तुमाला कुठं पुरनार हायेत?”

मी म्हणालो, “छावणीच्या दफनभूमीत. सुकेशनीशेजारी जागा धरून ठेवलेली आहे.”

“हितं पुरा,” त्या म्हणाल्या. “मयताच्या उशाला हाटेल कोन बांधतंय? अन् बांधलं तं जेवाया कोन येतंय?”

संघपाल वकिलांनी पुढे जी कलमे सुचवली त्यातले एकही याच्याइतके पक्के नव्हते.

७. सबब माझे दफन खापरदरी येथे, देवळाच्या दारासमोर, जागेच्या बरोबर मधोमध करावे. ग्रामपंचायतीची आणि तहसीलची परवानगी मी जिवंतपणीच घेतली असून ती तनुजाकडे आहे. अर्ज वाचून कारकुनाने विचारले, “मयत कोण?” मी म्हणालो, “मीच, जरा वेळ आहे.” थडगे सिमेंटचे आणि ठळक असावे, लांबून येणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडीतूनच दिसले पाहिजे. शेळ्या त्यावर बसल्या तर हाकलू नयेत. अध्यक्षसाहेबांनी भाषण करू नये.

इथे थट्टा थांबवतो. मला सुकेशनीच्या शेजारी पडायचे होते. आयुष्यभर मी तिला घरी एकटी ठेवून खेड्यांत फिरलो, निदान शेवटी तरी एका जागी राहू असे तिला कबूल केले होते. तेही आता होत नाही, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. ती असती तर म्हणाली असती, “जा, तिथंच जा, नाहीतरी तुमचं मन कधी घरात होतं?” आणि डबा बांधून दिला असता.

८. छावणीच्या दफनभूमीतील, सुकेशनीच्या उजव्या बाजूची माझ्यासाठी राखलेली जागा मी मुलगा विश्वजीत यास देतो. त्याला माझ्याकडून जागा हवी होती. ती विकता येत नाही. आईशेजारी आहे, आणि माझ्याकडे याहून चांगली जागा नाही. ताबा घेण्याची त्याने अजिबात घाई करू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला पटला, आणि नको म्हणत असतानाही वकिलांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले.

लिहून ठेवणार : (सही) अंगद कारभारी खंडागळे

आमच्या दोघांच्या समोर त्यांनी सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळालेले नाही.

साक्षीदार
१. (सही) डॉ. ज्ञानेश्वरी वाघचौरे, पुंडलिकनगर. तपासले, पूर्ण शुद्धीवर आहेत, रक्तदाब थोडा जास्त.
२. (सही) ॲड. संघपाल दाभाडे, छावणी

स्थळ : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५