एका होडीतली दोन वल्ही

५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईबाबांना दाखवू नकोस. कॉलेज सोडल्यापासून बाबा बोलत नाहीत, त्यात ही भर नको.

दंड एवढे कसे फुगले, असं तू विचारलंस तेव्हा मी व्यायाम म्हणालो. खोटं होतं. एका खाजगी लॅबमध्ये जीनमध्ये बदल करून घेतलाय. स्नायूंची वाढ आवरून धरणारं एक जीन असतं, ते त्यांनी बंद केलं. आता कितीही वल्हवलं तरी दम लागत नाही.

कुणासाठी, ते तुला माहीत आहे. बोट क्लबातल्या तिच्यावरून तू मला छळतेसच. दोघांच्या होडीसाठी तिला जोडीदार हवा होता आणि पहिल्या चाचणीत मी पार ढेपाळलो. ती हसली नाही, पाणी आणून दिलं. ते जास्त झोंबलं.

आता शर्यतीसाठी निवड झाली, पण पंचाईत निराळीच. या होडीत प्रत्येकाच्या हातात एकच वल्हं. माझा जोर जास्त पडतो आणि होडी तिच्या बाजूला वळते. क्लबातले आमचे सर तिलाच झापतात, की तू कमी पडतेस. ती मान खाली घालते आणि सराव संपला की एकटीच वजनं उचलत बसते. मी गप्प. काल तसाच घरी येऊन पोटभर जेवलो. माझीच मला लाज वाटते.

तुझा,
भडक्या

११ जून

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तशीच ड्यूटीवर गेले. आमच्या वॉर्डात स्नायू झिजत चाललेली मुलं आहेत. असला उपचार कधी मिळेल म्हणून त्यांच्या आया डॉक्टरांना जिन्यात गाठतात. तू तो प्रेमात पडून घेऊन आलास. दुखवायला लिहीत नाही. असलंच तर थोडंसं.

आता तू गुपचूप जोर कमी लावायचं ठरवशील. ओळखते मी तुला. त्याने होडी सरळ जाईल, पण आपण कमी पडतो हे तिच्या मनातून जाणार नाही. तिला सांग. तोंड बघणार नाही म्हणाली तरी सांग. आणि स्वतःला तपासून घे. हृदय हाही स्नायूच असतो, गाढवा.

माया आहे म्हणूनच रागावते.
ताई

२३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेत मिळालं होतं. शर्यत झाली की सांगू, असं मी ठरवलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी वजन उचलताना तिच्या पाठीत कळ आली, ती उठेचना. मणक्यातली चकती सरकली आहे. डॉक्टर म्हणाले, वल्हं आता विसरा.

काल तिच्या घरी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती चिडलीही नाही. एवढंच विचारलं, की सर मला बोलायचे तेव्हा तू मागेच बसलेला असायचास ना. हो म्हणालो. तिने तोंड भिंतीकडे केलं.

लॅबला विचारलं, हे उलटं करता येईल का. तशी सोय नाही म्हणाले.

निघालो तर तिच्या आईंनी थांबवलं. तिला बाहेरचं दिसावं म्हणून पलंग खिडकीशी हलवायचा होता. शेजारच्यांना हाक मारते म्हणाल्या, तोवर मी ती वर पडून असतानाच पलंग उचलून खिडकीशी ठेवलासुद्धा. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत कौतुकाने विचारत राहिल्या, की बाळा, एवढी ताकद आणलीस कुठून.

तिने वळून माझ्याकडे बघितलं. आईला काही सांगितलं नाही. मी खालमानेने चपला शोधत राहिलो.

लोभ करण्याजोगा उरलो असेन तर कर.

तुझा,
भडक्या