मला सुतक नाही

मंगळवार, ९ डिसेंबर

समोर पिठलं-भात नेऊन दिला. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण पाठवायचं. आणि शेजारी म्हणजे मी!

काल पहाटे बकुळा गेली. झोपेतच. तिच्या नवऱ्याने, हितेंद्रने, घाबरून आमचं दार बडवलं, तर मला वाटलं तीच आली. दाराला बेल असूनही ही बाई जन्मभर हाताने दार बडवायची. "उर्मे, आहेस का गेलीस?" उर्मे म्हणणारी तीच एक उरली होती. सदतीस वर्षं समोरासमोर दारं, रोज चारचा चहा, मग रमी, आणि रमीत हिची लबाडी.

मी दार उघडलं तेव्हा हसत होते. ते जात नाहीये डोक्यातून.

बुधवार, १० डिसेंबर

हितेंद्रची आत्या विरारहून आली आणि सगळी सूत्रं हातात घेतली. कुणी कुठे बसायचं, कुणी कशाला शिवायचं नाही. मी कोपऱ्यात बकुळाच्या खाटेशेजारी टेकले होते. पाच मिनिटंही झाली नसतील. आत्या म्हणाल्या, "उर्मिला, तू का बसलीस? तुला सुतक नाही. ऊठ, देवांचं तेवढं बघ बाई, आमच्यात कुणाला चालत नाही."

उठले. तिच्या देवांना आंघोळ घातली, दिवा लावला.

तिच्या बोरिवलीच्या चुलत दिराला सुतक आहे. बकुळाने हौसेने केलेल्या करंज्यांसारख्या शिंगड्यांना नावं ठेवून गेला होता, त्यानंतर उंबरा चढला नाही. त्याला सुतक! तो सतरंजीवर मान खाली घालून बसलाय आणि येणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवतोय. मी चहाचे कप विसळतेय.

गुरुवार, ११ डिसेंबर

जुई सकाळी म्हणाली, "आई, घट मांडायचा ना? मार्गशीर्षातला गुरुवार आहे. आपल्याला कुठे सुतक आहे?"

सून गुणी आहे. चूक काहीच बोलली नाही. म्हणूनच जास्त राग आला. घट मांडला, आरती केली, गोड शिरा केला. माझी वाटी तशीच झाकून ठेवली.

संध्याकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची म्हणते, "भाग्याची हो, सवाष्ण गेली!" भाग्य कसलं, कप्पाळ! मार्गशीर्ष संपला की सिटीलाइटच्या बाजारातून कोळंबी आणून भानोलं करणार होती. आठवडाभर तेच चाललं होतं तिचं. ते न खाता गेली. हे भाग्य?

शनिवार, १३ डिसेंबर

मनमोहन जेवताना म्हणाला, "किती दिवस असा सुतकी चेहरा घेऊन बसणार आहेस? घरात काही झालंय का आपल्या?"

ताट उचललं आणि आत गेले. लग्नाला चाळीस वर्षं होतील. अशा वेळी काय बोलू नये एवढंही शिकला नाही हा माणूस. आमटीत मीठ नव्हतं, ते मात्र त्याने लगेच सांगितलं.

रविवार, १४ डिसेंबर

तिच्या देवघरात बाळकृष्णाच्या मागे जोकर सापडला. आमच्या पत्त्यांमधला! दिवाळीपासून शोधत होतो. "तुझ्याच घरात हरवला," म्हणून माझ्यावर उलटली होती. देवाच्या पाठीमागे लपवून ठेवला होता, लबाड बाई!

मला हसू आलं. खो खो हसले. आत्यांनी दारातून पाहिलं. "सुतकाच्या घरात हसतात का? तुला नाही, पण आम्हाला दुःख आहे गो."

जोकर तिथेच ठेवला.

सोमवार, १५ डिसेंबर

वाणी, इस्त्रीवाला, नाना-नानी पार्कातल्या बायका — सगळे मला थांबवून विचारतात, हितेंद्र कसा आहे. ठीक आहे, म्हणून सांगते. पुढे कुणी काही विचारत नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

आज उद्यापन होतं. पाच सवाष्णी बोलवायच्या. चौघीच आल्या.

फोन मीच केले होते. एकदाही चुकल्यासारखं वाटलं नाही. चौघींना फोन करायचे आणि पाचवी समोरून येणार, हे इतकं अंगवळणी पडलेलं. ती गाऊनवरच यायची आणि मी ओरडले की जाऊन साडी नेसून यायची. पाट पाच मांडले होते. पाचव्या पाटापाशी हळदीकुंकू, फळ, कहाणीची पोथी. जुई घड्याळ बघतेय. "आई, पाचव्या कोण? कुणाला सांगितलंय?"

मी म्हटलं, "येईल ग, साडी नेसत असेल."

मग मला कळलं मी काय बोलले ते.

जुईने खाली धावत जाऊन दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरणीला आणलं. बिचारी ओल्या केसांनीच आली आणि पाटावर बसली. तिचा काही दोष नाही, पण तिला कुंकू लावताना मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. चौघींपैकी एक दुसरीच्या कानात म्हणाली, "विसरायला लागल्यात का ह्या?"

विसरायला! विसरता आलं असतं तर पाचवा फोन केला असता ना मी!

हे मी मोठ्याने बोलले. ओरडलेच जवळजवळ. आणखीही बोलले. त्या माणसांना रडायला दहा दिवस दिले, सतरंजी दिली, मला दिवा, भांडी आणि चहाचं आधण दिलं. मला एकदा, फक्त एकदा, काही न करता बसायचं होतं. माझं कोण गेलं हे कुणी विचारलंत का?

मनमोहन पेपर घेऊन आतल्या खोलीत होता. पानांचा आवाज थांबलेला मला ऐकू आला.

बायका फळं घेऊन निघून गेल्या. जुईने पाट उचलले.

शनिवार, २० डिसेंबर

तेरावा झाला. समोर गोडाचं जेवण. मी वाढायला.

बकुळाचा मुलगा नील कॅनडाहून आलाय. वाकून नमस्कार केला. "काकी, तुम्ही होतात म्हणून आमचं सगळं निभावलं." पोर मनापासून बोललं. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुरीची परात घेऊन पुढे गेले.

हात धुताना आत्या म्हणाल्या, "मी परवा निघेन. हितेंद्रला काही जमायचं नाही. देवांचं तुझ्याकडेच राहू दे. तुला आता सवय झालीय."

हो म्हटलं. मला नाही म्हणताच येत नाही! घरी येऊन स्वतःवरच चिडले. मनमोहनला सगळं सांगितलं. कशासाठी सांगितलं कोण जाणे. तो हं म्हणाला आणि झोपला.

रविवार, २१ डिसेंबर

उठले तर मनमोहन आमच्या देवघरापुढे. आंघोळ करून, पंचा नेसून! चाळीस वर्षांत देवाला एक फूल वाहिलं नाही ह्याने. अन्नपूर्णेच्या नाकाला गंध, गणपती उलट्या तोंडाने बसवलेला. मी सरळ करायला गेले, तर म्हणाला, "तू हात लावू नकोस. बस तिकडे."

बसले.

तेवढ्यात आत्या दारात. "उर्मिला, चल ग, दिवा लावायचाय."

मनमोहन आतूनच म्हणाला, "तिला चालत नाही, आत्या. तिला सुतक आहे."

"अगो बाई! तुमच्याकडे कोण गेलं?"

"बकुळा."