मामा, उद्या आम्ही सरदाराच्या पंगतीला

प्रिय मामा,

आज सकाळी वाचनालयाची मंडळी आली होती. उद्या तुमच्या स्मरणार्थ मी भाषण करावं म्हणे! विषय तुमचाच, ‘शीख लोक आणि त्यांचा धर्म’. आधारही तुमचाच, त्या गोऱ्या साहेबाचं लाल बांधणीचं पुस्तक. मी साफ नाही म्हटलं. उद्या गुरुनानक जयंती, मामी आणि मी शेजारी करतारसिंगांकडे लंगरला जेवायला चाललो आहोत. ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच कळवलेली बरी.

रागावलात? खुशाल रागवा.

काय तो तुमचा साहेब! अकोल्याच्या बंगल्याच्या लिलावात त्याचं पुस्तक घेतलंत आणि थेट देव्हाऱ्याशेजारी ठेवलंत. तुम्ही गेल्यावर मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. शिखाची उंची किती, छाती किती, कोणत्या भागातला गडी फौजेत टिकतो, गोऱ्या अंमलदाराच्या हाताखाली कसा वठणीवर राहतो. मामा, हा धर्मावरचा ग्रंथ की बैलबाजारातली पारख? पुढे तर लिहितो, सरकारनं पलटणीत जपला म्हणून हा धर्म जगला, नाहीतर केव्हाच विरून गेला असता. अहो, सरकारच गेलं! साहेब गेला, आणि करतारसिंग रोज पहाटे वखार उघडण्याआधी पाठ म्हणतोच आहे. ज्यांच्या घरचं घोटभर पाणीही कधी तोंडाला लावलं नाही त्यांच्या देवाविषयी एवढं जाड पुस्तक लिहायचं, केवढा हा माज!

आणि तुम्ही? फाळणीत सगळं मागे टाकून आलेला माणूस भिंतीपलीकडून ‘मामाजी, नमस्ते’ म्हणायचा. तुम्ही नुसती मान हलवून आत यायचात आणि त्याचा स्वभाव पुस्तकात शोधायचात. त्यालाच विचारायचं ना! ‘हे लोक चटकन तलवार उपसतात,’ असं तुम्ही आम्हाला वाचून दाखवत होता, तेव्हा तो बिचारा आपल्याच मोडक्या दाराला बिजागरी ठोकत होता.

मागच्या वर्षीची गुरुनानक जयंती आठवते? त्यानं अख्ख्या गल्लीला लंगरचं बोलावणं केलं होतं. ‘एकदा त्यांच्या पंगतीत जेवला की तो त्यांचा झाला, असं साहेबानं लिहून ठेवलंय,’ तुम्ही वाचनालयात ठणकावलंत. पार रिठद गावापर्यंत जाऊन तेच सांगून आलात. एक माणूस फिरकला नाही. त्याची बायको बसंत कौर दिवेलागणीपर्यंत पळी घेऊन दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सगळी डाळ गुरांपुढे ओतली त्यांनी. तेव्हापासून भिंतीवरून मामीला हाक आली नाही. एकीची भाषा दुसरीला धड कळत नव्हती, तरी दुपारभर बोलत असायच्या हो त्या! नंतर मामी भिंतीकडे पाठ करून डाळ निवडायला लागली. तुम्हाला दिसलं होतं का कधी?

आणि मामा, साहेबानं तसं कुठेच लिहिलेलं नाही! नाक मुरडून एवढंच लिहिलंय की तिथे जात न विचारता सगळ्यांना एका रांगेत बसवतात. म्हणजे खुपलं ते हे! शेजारी कोण येऊन बसेल या भीतीला तुम्ही साहेबाचा कोट चढवलात. निदान स्वतःच्या नावावर तरी बोलायचं. ‘पोरीले कायले शिकवता?’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करून मला शाळेत घालणारा माणूस जेवणाच्या एका रांगेला भ्यायला! मला लाज वाटते तुमची. आठवणही येते, रोज येते, म्हणून तर जास्त चीड येते.

पद्मतीर्थावर तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना. मंडळींनी काय काय कबूल केलं! मामीला सांभाळू, पुस्तक जपू, भाषणं चालू ठेवू. कावळा जागचा हलेना. शेवटी मामी करवादली, “सायबाचं काय सांगून राह्यले त्याले? मी पुढच्या साली बसंतबाईकडे जेवाले जाईन! आता तरी ये बाप्पा!” आणि कावळा उतरला. माझा काही विश्वास नाही असल्या गोष्टींवर. भूक लागली असेल त्याला. पण मामीचा शब्द गेला तो गेला.

यंदा त्या घरानं कोणालाच बोलावलं नव्हतं. घरापुरतंच करणार होते. काल मामी आपणहून भिंतीपाशी गेली. “बसंतबाई, जयंतीले आमी येऊन राह्यलो. तिखट बेतानं टाकजो.” कणकेनं भरलेल्या हातांनीच बसंत कौरनं मामीचे हात धरले, आणि दोघी रडत बसल्या. संध्याकाळी करतारसिंगानं मोठं पातेलं घासायला काढलं.

तुमचं पुस्तक मी फाडणार नाही, भिऊ नका. देव्हाऱ्याजवळून मात्र उचललंय. आणि एक शब्द देते. उद्या येताना तिथली डाळ-रोटी आणीन आणि त्याच भिंतीवर तुमचं पान ठेवीन. या, पोटभर खा. बाजूला कोणता कावळा येऊन बसला, ते तेवढं पुसू नका.

तुमचीच भाची,
शांता
वाशीम